शाळेच्या प्रोजेक्टमध्ये पुस्तकाचं नाव कसं लिहायचं? तिरपं, खाली रेघ, की अवतरणचिन्हात?

भांडुपची_भवानी

नमस्कार मंडळी. प्रश्न बारीकसाच आहे पण घरात कालपासून त्यावरनं महाभारत चालू आहे म्हणून सरळ धागाच काढते.

लेक नववीत, इंग्लिश मीडियम. इंग्लिशच्या टीचरनी प्रोजेक्ट दिलाय मुंबईतल्या इंग्रजी कवींवर, हिने निस्सीम एझिकेल आणि अरुण कोलटकर घेतलेत. आणि त्याच सुमारास मराठीच्या बाईंनी पण एक दिलाय, दिवाळी अंकांवर. इंग्लिशचा टाइप करून प्रिंट काढून स्पायरल करून द्यायचाय, मराठीचा हाताने, फुलस्केपवर. तर इंग्लिशचा पहिला ड्राफ्ट परत आला तो नुसता लाल. 'जेजुरी' हे नाव हिने सगळीकडे डबल कोट्समध्ये टाकलं होतं, तिथे बाजूला लिहिलंय 'इटॅलिक्स'. 'नाइट ऑफ द स्कॉर्पियन' इटॅलिक्समध्ये होतं, तिथे लिहिलंय 'कोट्स'. आणि पहिल्या पानावरचं हेडिंग हिने बोल्ड करून, अंडरलाइन करून, वर कोट्स पण लावून असं दणक्यात केलं होतं त्याला नुसता गोल आणि प्रश्नचिन्ह. का, कशासाठी, एक अक्षर नाही.

लेक म्हणते दोन्ही नावंच आहेत ना मग एकाला एक न्याय आणि दुसऱ्याला दुसरा का. नवरा म्हणतो सगळंच बोल्ड कर, विषय संपव. आमच्या वेळी एसएससीला पट्टी घेऊन खाली रेघ मारायची एवढंच माहीत, का मारायची ते कोणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं पण नाही. आता ही विचारते तर माझ्याकडे उत्तर नाही. कोणी जाणकार असेल तर सांगा, आणि हाताने लिहिताना तिरपं कसं लिहायचं ते पण, आणि मराठीत हेच सगळं लागू होतं का? आगाऊ धन्यवाद.

टपरीवरचा_चहा

एवढं काय त्यात. सगळ्या नावांना डबल कोट्स टाका आणि द्या सोडून. टीचरला काय, काहीतरी लाल करायला पाहिजेच असतं.

खडू_डस्टर

भवानीताई, मी इंग्लिशच शिकवते, कुठल्या शाळेत ते विचारू नका. तुमच्या लेकीच्या टीचरनी केलेले तिन्ही बदल बरोबर आहेत, फक्त का ते एका ओळीत सांगितलं असतं तर घरातलं महाभारत टळलं असतं. चहावाले, सगळ्याला डबल कोट्स हे शाळेत एक वेळ खपून जाईल हो, पण अकरावी-बारावी ओलांडून पोर कॉलेजात गेली की तिथे सगळं पुसून परत शिकायला लागतं आणि तोवर हाताला सवय लागलेली असते.

आता नियम. जे लिखाण स्वतंत्र आहे, म्हणजे वेगळं छापून बांधून दुकानात मिळतं, त्याचं नाव तिरपं. जे दुसऱ्या कशाच्या तरी आत आहे त्याचं नाव कोट्समध्ये. वर्गात मी डबा आणि भाजी सांगते, डब्याचं नाव तिरपं आणि आतल्या भाजीचं नाव कोट्समध्ये, पोरं फिदीफिदी हसतात पण पेपरात चुकत नाहीत. तुमच्याच प्रोजेक्टवर लावून बघा. 'जेजुरी' म्हणजे कोलटकरांचा १९७६ सालचा अख्खा संग्रह, तो डबा, तिरपा. त्यातली 'ॲन ओल्ड वुमन' ही एक कविता, ती कोट्समध्ये. 'नाइट ऑफ द स्कॉर्पियन' ही एझिकेलची एक कविता, कितीही गाजलेली असली आणि दर दुसऱ्या पाठ्यपुस्तकात असली तरी कविताच, म्हणून कोट्स. ती ज्या संग्रहात आली तो १९६५चा 'द एग्झॅक्ट नेम', तो तिरपा. कादंबरी, नाटक, पेपर, मासिक, सिनेमा, वेब सीरिज हे सगळे पहिल्या गटातले, आणि कथा, धडा, लेख, अग्रलेख, सीरिजचा एक एपिसोड, एक गाणं हे दुसऱ्या. गाजलेलं की नाही, लांब की आखूड, हे बघायचंच नाही, स्वतंत्र आहे की कशाच्या तरी आत एवढंच बघायचं.

आता लेकीचा खरा प्रश्न, की का. त्यासाठी मी फळ्यावर एकच वाक्य दोनदा लिहिते, 'आय लाइक ज्युलियस सीझर', एकदा साधं आणि एकदा नावाखाली रेघ मारून. पहिल्यात तुम्हाला तो रोमचा सीझर आवडतो, दुसऱ्यात शेक्सपियरचं नाटक आवडतं. नाटक आवडणारा माणूस सीझरला शिव्या घालणारा असू शकतो ना! एवढा फरक त्या एका रेघेत आहे. आणि तुमच्या लेकीने तर याहून भारी उदाहरण निवडलंय, कारण जेजुरी हे खंडोबाचं गाव पण आहे आणि पुस्तक पण. तिच्या प्रोजेक्टमध्ये एका ओळीत कोलटकर जेजुरीला जाणार आणि पुढच्या ओळीत 'जेजुरी'ला १९७७चं कॉमनवेल्थ पोएट्री प्राइझ मिळणार. दोन्ही एकसारखं छापलं तर वाचणाऱ्याने प्राइझ गावाला मिळालं असं समजायचं का.

हाताने लिहिताना तिरपं अक्षर काढत बसू नका, कोणाचंच नीट येत नाही. हाताने मारलेली रेघ म्हणजेच छापातलं तिरपं, दोन्हीचा अर्थ एकच, त्यामुळे तुम्हाला एसएससीला जे शिकवलं ते बरोबरच होतं. फक्त दोन्ही एकदम नाही, म्हणजे टाइप केलेल्या कागदावर तिरपं पण आणि रेघ पण असं करायचं नाही, एकच काहीतरी.

हेडिंगचं असं आहे की ते तिचं स्वतःचं नाव आहे, ती कोणाला कोट करत नाहीये, म्हणून स्वतःच्या प्रोजेक्टच्या नावाला काहीही लावायचं नसतं, ना कोट्स ना रेघ ना बोल्ड. साधं, मधोमध. पण त्या नावात 'जेजुरी' येत असेल तर तेवढा एक शब्द तिरपा.

आणि एक राहिलं, दरवर्षी कोणीतरी विचारतंच. गीता, बायबल, कुराण, वेद यांना काहीच लावत नाहीत, साधं नाव. संविधान, कायदे यांना पण नाही. पण टिळकांचं 'गीतारहस्य' हे पुस्तक आहे, १९१५ला छापलेलं, ते तिरपं.

अंधेरी_फास्ट

वाचून दमलो. पोरीला विंचवाच्या कवितेतली ती आई कळली का, तिचं शेवटचं वाक्य भिडलं का, हे बघायचं सोडून टीचर काय बघणार तर अक्षर वाकडं आहे का सरळ. मग म्हणायचं मुलं वाचत नाहीत. आमच्या ऑफिसात रोज शंभर मेल येतात, कोणी काही तिरपं करत नाही, कोणाचं काही अडत नाही.

खडू_डस्टर

@अंधेरी_फास्ट, मार्क कापल्याचं कोणी म्हणालंय का वर? ड्राफ्ट परत आलाय, दुरुस्त करायला. मी पण कापत नाही, गोल करते. आणि कविता कळली का ते तर बघतेच, ते पानभर लिहिते खाली, पण ते कोणी धाग्यात टाकत नाही. ऑफिसच्या मेलमध्ये तुम्ही पुस्तकांवर किती लिहिता?

अंधेरी_फास्ट

बरं बाई.

टीवाय_लिट

खडू मॅडमना +१, डबा-भाजी मी ढापणार आहे. थोडी भर घालते कारण आत्ताच प्रोजेक्टच्या गाइडकडून याच गोष्टींवर ओरडा खाल्लाय.

काकू, पहिलं म्हणजे टीचरना विचारा स्टाइल कुठली हवीय. मॅडमनी सांगितलं ते एमएलए, म्हणजे अमेरिकेतल्या मॉडर्न लँग्वेज असोसिएशनची स्टाइल, लिटरेचरवाले बहुतेक हीच वापरतात, सध्या तिची नववी आवृत्ती चालू आहे, २०२१ची. नेटवर शोधलं तर जुन्या पीडीएफ पण सापडतात आणि त्यात सगळीकडे अंडरलाइन करा असं दिसतं, ते बघून गोंधळू नका, २००९च्या सातव्या आवृत्तीपासून त्यांनी रेघ सोडून इटॅलिक्स घेतलंय. सायकॉलॉजी, सोशिऑलॉजीवाल्यांची एपीए, म्हणजे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची स्टाइल असते आणि तिच्यात खरी गंमत आहे, म्हणजे आत मजकुरात लेखाचं नाव कोट्समध्ये, पण शेवटी संदर्भांची यादी देता तिथे लेखाच्या नावाला कोट्स पण नाहीत आणि इटॅलिक्स पण नाही, एकदम साधं, फक्त जर्नलचं नाव तिरपं. पुस्तकाचं नाव यादीत पण तिरपंच राहतं पण त्यातलं फक्त पहिलं अक्षर कॅपिटल. सॉरी, नुसतं पहिलं नाही, कोलन असेल तर त्याच्या पुढचं पण, आणि माणसांची-गावांची नावं पण.

कॅपिटलवरनं पण लफडी होतात. 'ऑफ', 'द', 'इन' ही मधली पिल्लं लहान अक्षरात, पण नावाच्या सुरुवातीला आली तर मोठ्या. एमएलएमध्ये 'फ्रॉम', 'विथ' सारखी अव्ययं मध्ये आली तर लहानच, एपीएमध्ये चार किंवा जास्त अक्षरांचा शब्द असला की मोठा. त्यामुळे एकच नाव दोन प्रोजेक्टात दोन तऱ्हेने दिसू शकतं आणि दोन्ही बरोबर असतं. लेकीला म्हणावं सुरुवातीला एक स्टाइल ठरव आणि शेवटपर्यंत तीच धर, अर्ध्या पानात एक आणि अर्ध्यात दुसरी असेल तर टीचरला लगेच कळतं की तुकडे कुठून कुठून उचललेत.

सिंगल की डबल कोट्स हे पण. अमेरिकन पद्धतीत डबल, आणि स्वल्पविराम-पूर्णविराम कोट्सच्या आत. ब्रिटिश पद्धतीत बहुतेक सिंगल आणि विरामचिन्हं बाहेर. आपल्याकडची पुस्तकं जास्त करून ब्रिटिश चालीची, आणि एमएलए अमेरिकन, म्हणून पोरं लटकतात. एमएलए म्हटलं की डबल, डोळे मिटून.

टाइप करताना नाव सिलेक्ट करून कंट्रोल-आय, पण पुढचा कॉमा सिलेक्शनमध्ये घेऊ नका. आणि असाइनमेंट कमेंट बॉक्समध्ये पेस्ट केली की फॉरमॅटिंग उडतं, तसं झालं तर नावाच्या आधी आणि नंतर अंडरस्कोअर टाकतात, व्हॉट्सॲपवर इटॅलिक करायला टाकतो तसंच, माझ्या गाइडना ते चालतं.

टपरीवरचा_चहा

आयला, एका रेघेमागे एवढी दुनिया. जहाजांच्या नावांचं काय मग? माझा भाऊ डॉकयार्डला आहे, तो म्हणतो जहाजांची नावं पण तिरपी छापतात.

टीवाय_लिट

हो काका, तिरपीच. फक्त पुढचं आयएनएस साधं ठेवायचं, 'विक्रांत' तेवढं तिरपं.

भांडुपची_भवानी

सगळ्यांचे मनापासून आभार, खडू मॅडम तुमचं सीझरचं वाक्य लेकीला वाचून दाखवलं, तिला एकदम पटलं आणि आता ती घरभर सगळ्या गोष्टींना डबा की भाजी विचारत फिरतेय. इंग्लिशचं झालं. हेडिंगवरचा साज पण तिने रडत-रखडत उतरवला.

पण मराठीचं अजून तसंच आहे. खडू मॅडम म्हणाल्या तसं हाताने लिहायचंय म्हणून तिने अंकांच्या नावांखाली पट्टीने रेघा मारल्या, आणि ते इतकं घाण दिसतंय की काय सांगू. 'ऋतुरंग' मधल्या तु चा उकार रेघेने मधोमध कापलाय, 'धनुर्धारी'चं तेच, लांबून वाटतं नाव खोडलंय. मग म्हटलं टाइप करून तिरपं कसं दिसतं बघू तर लॅपटॉपवर ते अजूनच विचित्र, सगळे काने एका बाजूला कलंडलेले. मराठीत हे नक्की करतात कसं?

खिळे_आणि_शाई

भवानीताई, तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही म्हणून पहिल्यांदाच इथे लिहितो आहे, एरवी नुसता वाचत असतो. आयुष्यभर मुद्रितशोधन केलं, आधी गिरगावातल्या एका छापखान्यात आणि मग एका दैनिकात. तेव्हा खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरं, हाताने जुळवायचे, जुळारी उभा राहून काम करायचा आणि आम्ही ओलं प्रूफ घेऊन बसायचो.

तुमच्या लेकीच्या रेघेचा उगम तिथलाच आहे. टाइपरायटरला किंवा हाताने लिहिणाऱ्याला तिरपी अक्षरं काढता यायची नाहीत, मग तो इंग्रजी मजकुरात शब्दाखाली एक रेघ मारून पाठवायचा, आणि जुळाऱ्याला कळायचं की हा शब्द इटॅलिकमध्ये जुळवायचा आहे. दोन रेघा म्हणजे स्मॉल कॅपिटल, तीन रेघा म्हणजे मोठी कॅपिटल, नागमोडी रेघ म्हणजे ठळक. रेघ ही छापखान्यासाठी दिलेली सूचना होती, ती कागदावर छापून यायची नव्हतीच. शाळांनी ती उचलली आणि वहीत कायमची ठेवली, त्यात वाईट काही नाही.

आता तिरप्याचं. हे तिरपं अक्षर युरोपातून आलं, व्हेनिसच्या आल्डस मानुटियसच्या छापखान्यातून. फ्रान्चेस्को ग्रिफो नावाच्या कारागिराने ते खिळे कोरले आणि १५०१ साली आल्डसने कवी व्हर्जिलचं लहान आकाराचं पुस्तक अख्खंच्या अख्खं त्या अक्षरात छापलं. तिथल्या लोकांच्या हाताचं लपेटदार वळण तसंच होतं, त्यावरून ते घेतलं. म्हणजे सुरुवातीला ते एखाद्या शब्दाला उठाव द्यायला नव्हतंच, तो वापर नंतरचा. आमच्या देवनागरीत असा दुसरा वळणाचा खिळा रूढ झालाच नाही. मोडी वेगळी, ती वेगळीच लिपी. त्यामुळे तुम्ही लॅपटॉपवर मंगल फाँट घेऊन तिरपं करता तेव्हा त्या फाँटात तिरपी अक्षरं मुळात नसतात, संगणक सरळ अक्षरांनाच ढकलून तिरपं करतो. काने कलंडतात, वेलांट्या पुढच्या अक्षरावर झुकतात, रफार नक्की कोणाचा ते कळत नाही. तुमचा डोळा बरोबर सांगतो आहे, ते विचित्रच असतं.

आणि खालची रेघ आपल्याला सोसत नाही कारण आपले उकार, ऋकार, पाय मोडलेली अक्षरं सगळी खालीच लोंबतात. वर शिरोरेघ आहेच, खाली दुसरी रेघ आली की मधला मजकूर चेपतो.

म्हणून मराठी छपाईने आपली वाट फार पूर्वीच काढली, एकेरी अवतरणचिन्ह. पुस्तक असो, मासिक असो, कविता असो, नाटक असो, सगळ्याला एकेरी. दुहेरी चिन्ह राखून ठेवायचं ते माणसाच्या तोंडच्या बोलण्यासाठी. शाळेच्या व्याकरणात हेच शिकवतात, दुहेरी म्हणजे बोलणाऱ्याचे शब्द, एकेरी म्हणजे विशेष शब्द. तुमच्या लेकीच्या मराठीच्या बाईंना हेच अपेक्षित असणार. इंग्रजीच्या प्रोजेक्टमधले नियम मराठीत आणू नका आणि मराठीचे तिकडे नेऊ नका.

खडू मॅडमनी सीझरचं दिलं तसं आमच्याकडे नवीन पोरगा आला की त्याला मी 'श्यामची आई' द्यायचो. श्यामची आई कडक होती, हे त्या बाईबद्दल. 'श्यामची आई' १९३५ साली निघाली, हे पुस्तकाबद्दल. दोन टिंबांएवढी चिन्हं गळली तर बाई १९३५ साली घरातून निघाली असं होतं.

टपरीवरचा_चहा

काका जबरदस्त. लिहीत राहा इथे.

भांडुपची_भवानी

काका, किती छान सांगितलंत. एक मात्र अडलं. सगळ्यालाच एकेरी म्हटल्यावर डबा कुठला आणि भाजी कुठली ते कसं कळणार? तिच्या प्रोजेक्टमध्ये कथा पण आहेत आणि त्या ज्या अंकात आल्या ते अंक पण. आणि दुसरं म्हणजे प्रत्यय. 'मनोरंजन' चा, की 'मनोरंजनचा', की 'मनोरंजन'चा? तिने एका पानावर तिन्ही लिहिलेत.

खिळे_आणि_शाई

दुसऱ्याचं आधी सांगतो कारण तिथे दैनिकांत सुद्धा रोज गडबड असते. प्रत्यय हा नावाचा भाग नाही, तो चिन्हाच्या बाहेर. पण मराठीत प्रत्यय सुटा राहत नाही, म्हणून चिन्ह संपल्यावर जागा न सोडता चिकटवून. 'मनोरंजन'चा अंक, 'केसरी'तला अग्रलेख, 'मौज'मधली कथा. आत घेतलात तर मासिकाचं नावच 'मनोरंजनचा' आहे असं होईल.

गंमत पुढे आहे. मराठीत प्रत्यय लागला की मूळ शब्द बदलतो, आणि पुस्तकाचं नाव दोन-तीन शब्दांचं असलं की पंचाईत. 'बटाट्याची चाळ' घ्या. बोलताना आपण बटाट्याच्या चाळीत असं म्हणतो. लिहिताना 'बटाट्याच्या चाळी'त असं केलं तर कानाला बरोबर, पण त्या नावाचं पुस्तकच नाही, ग्रंथालयात शोधायला गेलेला माणूस रिकाम्या हाताने परत येईल. 'बटाट्याची चाळ'त असं केलं तर नाव शाबूत पण जिभेला खडा. 'बटाट्याची चाळ'मध्ये हे चालतं, पुष्कळ जण तेच करतात. मला विचाराल तर मी प्रूफात काय करायचो, मध्ये एक शब्द घालायचो. 'बटाट्याची चाळ' या पुस्तकात. झालं, नावाला हात लागला नाही आणि प्रत्यय पुस्तकाला गेला. संपादक कुरकुरायचे की जागा जाते, मी म्हणायचो जाऊ दे.

आणि त्याच शब्दात तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे. मराठीत चिन्ह एकच, त्यामुळे कथा कुठली आणि अंक कुठला हे चिन्हाने सांगता येत नाही, ते शब्दाने सांगायचं. 'अमुक' ही कथा, 'तमुक' या दिवाळी अंकात. नाहीतरी इंग्रजीवाल्यांना तिरपं करून सुद्धा सगळं कळतंच असं नाही. 'श्यामची आई' पुस्तक पण आहे आणि अत्र्यांचा १९५३चा सिनेमा पण, दोन्ही स्वतंत्रच, दोन्ही तिरपेच. तिथे पण शेवटी 'कादंबरी' की 'सिनेमा' हे लिहावंच लागतं.

टीवाय_लिट

काका, मराठीच्या रिसर्च पेपरमध्ये मी संदर्भांच्या यादीत पुस्तकांची नावं बोल्ड बघितलीत, ते चुकीचं का?

खिळे_आणि_शाई

चुकीचं नाही बाळा. काही प्रकाशक यादीत नाव ठळक करतात आणि लेखाला एकेरी चिन्ह ठेवतात, म्हणजे तुमच्या त्या डबा-भाजीचा फरक तिथे ठळकपणाने साधतात. यादीपुरतं ठीक. पण धावत्या मजकुरात दर दोन ओळींनी ठळक शब्द आला की पान डागाळल्यासारखं दिसतं, डोळा तिकडेच ओढला जातो आणि मधलं कोणी वाचत नाही. भवानीताईंच्या मिस्टरांना सांगा.

भांडुपची_भवानी

सांगितलं. ते म्हणाले काकांना चहाला बोलव.

आता शेवटचं विचारते, मग नाही छळत. 'मौज दिवाळी अंक' सगळं मिळून चिन्हात घालायचं की नुसतं 'मौज'? आणि हिच्या बाईंनी सांगितलंय की पहिला दिवाळी अंक म्हणून 'मनोरंजन'चा उल्लेख पाहिजेच, तर त्यात जुनं लिखाण आहे, ती ग्रंथालयातून फोटो काढून आणणार आहे, त्यातली कथांची नावं आत्ताच्या शुद्धलेखनाप्रमाणे बदलायची का? तिला वाटतं बदलली नाहीत तर बाई चूक म्हणून गोल करतील.

खडू_डस्टर

पहिल्याचं मी सांगू शकते, इंग्लिशमध्ये पण तेच आहे. नुसतं 'मौज' चिन्हात, दिवाळी अंक हे शब्द बाहेर, कारण ते नाव नाही, तो प्रकार आहे. पुढे वर्ष आणि पान नंबर. शुद्धलेखनाचं काकाच सांगतील.

खिळे_आणि_शाई

नाव बदलायचं नाही. नाव जसं छापलं तसं. काशीनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला १९०९ साली, आणि शुद्धलेखनाचे आजचे नियम आले १९६२ साली, त्यामुळे त्या काळच्या नावांवर आज न लागणारे अनुस्वार दिसणारच, ते लेकीने तसेच उतरवावेत. तिच्या स्वतःच्या वाक्यांत मात्र आजचंच शुद्धलेखन. बाईंनी गोल करू नये म्हणून पहिल्यांदा असं नाव येईल तिथे पानाच्या तळाशी एक ओळ टाकायची, की नावं मूळ अंकातल्याप्रमाणे ठेवली आहेत. आणि नाव मुखपृष्ठावरून न घेता आतल्या पानावरून घ्या, कारण मुखपृष्ठावर चित्रकार अक्षरं सजवतो आणि त्या सजावटीत अनुस्वार कुठे, नक्षीचं टिंब कुठे हे फोटोत ओळखू येत नाही. अनुक्रमणिकेत आणि कथेच्या डोक्यावर नाव वेगळं छापलेलं असेल, तसं पुष्कळदा असतं, तर कथेच्या डोक्यावरचं धरा. अनुक्रमणिका सगळ्यात शेवटी घाईघाईत जुळवली जायची.

आणि रेघा मारलेलं ते पान तेवढं परत लिहायला सांगा.